कोंबड्या खात नाहीत

ऑक्टोबर, इदेसच्या आदल्या दिवशी, महिना निम्मा होत आला

झालं! हुकूम आला. आफ्रिकेवर जायचं नाही. जहाजं इथेच टाकायची, सामान पाठीवर मारायचं आणि इटलीच्या पार वरच्या टोकापर्यंत चालत सुटायचं. का, तर हॅनिबल येतोय. स्पेनमधून निघालाय, हत्ती घेऊन. बर्फाचे डोंगर ओलांडून थेट आपल्या अंगणात उतरणार म्हणे. डोंगरावरून हत्ती! आफ्रिकेतल्या कार्थेजने एक पोरगा सेनापती केला काय, आणि इथे समुद्राच्या अलीकडे लिलिबेअमच्या बंदरात एवढ्या मोठ्या रोमन फौजेची दातखीळ बसली.

कुणी लपवतही नाहीये. जो तो उघड उघड घाबरलाय. शेजारच्या तंबूतला रुस्टियस, उंब्रियाचा तो जाडा, गळ्यात सुक्या अंजिरांची माळ घालून फिरतो तो, म्हणाला, "म्हातारबा, आत्ताच सांगून ठेवतो. हत्ती दिसला की मी पळणार." सगळे हसले. भित्रा मात्र कुणी म्हटलं नाही.

कैसो येऊन बसला. माझा एकुलता एक. मिसरूड फुटलं, ढाल-तलवार मिळाली, पण घाबरला की अजून फुटाणे खातो. कमरेच्या पिशवीत असतातच. कुडुम कुडुम चालू होतं. म्हणाला, "बाबा, तो खरंच कुणाला आवरत नाही का हो?"

म्हटलं, "अरे, त्यालाही घरी आई ओरडत असेल."

हसला नाही. निघताना याच्या आईने मला दारात अडवून सांगितलं होतं, "पोराला परत आणा. नाहीतर तुम्हीही उंबरा चढू नका." ती बोलते ते करते.

ऑक्टोबर, इदेस

सामान बांधलं. देवाचा कौल देणाऱ्या माझ्या कोंबड्यांच्या पिंजऱ्याला नवीन दोऱ्या लावल्या. पेट्रोनियाआत्याने बोटाला चोच मारली.

(पेट्रोनियाआत्या म्हणजे कोंबडी. माझी खरी आत्याही अशीच मान वाकडी करून बघायची आणि पंगतीत सगळ्यांच्या आधी जेवायला बसायची. नाव कैसोने ठेवलं.)

ऑक्टोबर, इदेस उलटून चौथा दिवस

मेला! हॅनिबल मेला!!

गॉलच्या किनाऱ्यावरच्या मासालियाहून आलेल्या जहाजाने बातमी आणली, मग रोमचा घोडेस्वारही तेच सांगत आला. गॉलमधली ती मोठी नदी ओलांडत होते. तराफ्यावर हत्ती चढवले होते, एक हत्ती बिथरला आणि तराफा उलटला. कुणी म्हणतं बुडून मेला, कुणी म्हणतं हत्ती अंगावर पडून. रुस्टियस म्हणतो, दोन्ही. त्याची फौज वाटेतच फुटली, निम्मे स्पेनला परत, निम्मे कुठे गेले ते त्यांनाच ठाऊक. तो नाही तर कोण कुणाचं ऐकतो?

जीव भांड्यात पडला. अक्षरशः मटकन खाली बसलो, पिंजऱ्याला टेकून, आणि रडलो. कुणाच्या मरणावर एवढा आनंद होऊ नये. पण झाला. खोटं कशाला लिहू?

संध्याकाळी डुकरं भाजली. दारूत पाणी घालायचं कुणाला सुचलंच नाही. थेरॉन आला होता. इथला ग्रीक नावाडी, अर्धं आयुष्य या समुद्रावर गेलंय, तोंडात सदा बडीशेप. मला मिठी मारून म्हणाला, "ओपिलियस, लेका, माणूस मारायला तुम्हाला एवढी फौज लागते. नदीला एक हत्ती पुरला!"

कैसोची पिशवी बघितली. रिकामी. एकही फुटाणा नाही. छान वाटलं.

ऑक्टोबर, शेवट

गंमतच आहे. आता प्रत्येकजण शूर. उचलली जीभ, लावली टाळ्याला! रुस्टियस काल सांगत होता, हत्तीच्या सोंडेवर नेमका कुठे वार करायचा ते. मी म्हटलं, "अरे, तू पळणार होतास ना?" म्हणाला, "छे! ती चेष्टा होती."

कैसोही तसाच. "माझं नशीबच फुटकं बाबा, त्याच्याशी दोन हात करायची हौस राहून गेली." फुटाण्यांची आठवण काढली तर म्हणतो, "कुठले फुटाणे?"

कान उपटावासा वाटला. पण जिवंत आहे, बढाया मारतोय. मारू दे.

नोव्हेंबर, कलेंड. महिन्याचा पहिलाच दिवस आणि हे!

हत्ती गेला, शेपूट राहिलं. उत्तरेला जायचं नाही म्हटल्यावर पुन्हा आफ्रिका! लगेच! थंडी तोंडावर आली असताना!

आमचे सेनापती वोलुम्नियससाहेब यांना मार्चमध्ये पद सोडायचंय. त्याआधी कार्थेज घेतलं तर रोममध्ये मिरवणूक, नाहीतर घरी जाऊन द्राक्षं सांभाळा. निदान ट्रिब्यून फुफियस तरी सगळीकडे असंच सांगत फिरतो. साहेबांच्या मागे-पुढे करणारा हा तरुण अधिकारी आधीच शिरस्त्राण घालून हिंडतोय. झोपतोही त्यातच असेल. तरी साहेब त्याला आपल्या ताटातला पाव देत नाहीत. साहेबांची भट्टी वेगळी, भटारी वेगळा, पाव पांढराशुभ्र आणि वर खसखस. बाकी सगळ्यांना दगडासारखी भाकरी. फुफियसने एकदा मागितला होता म्हणे. नुसता वास मिळाला.

थेरॉन म्हणाला, "आत्ता पाण्यात पडलात तर निम्मे परत येणार नाहीत. हॅनिबल परवडला." मग इकडे तिकडे बघून, "हे मी बोललो नाही हं."

माझा थोरला भाऊ याच पाण्यात गेला. मागच्या युद्धात. शत्रूने नाही मारला, वादळाने नेला, सगळ्या ताफ्यासकट. आईने त्याच्या नावाने रिकामी चिता पेटवली होती. तिचा तो चेहरा कैसोच्या आईवर मला बघायचा नाही.

आणि बोलायचं कुणाकडे? हॅनिबल होता तोवर घाबरायची सोय होती. सगळेच घाबरत होते, लाज नव्हती. आता कुणाला घाबरतो म्हणून सांगू? मेलेल्याला? पाण्याला? लोक तोंडावर हसतील.

नोव्हेंबर, नोनेच्या आदल्या दिवशी, महिन्याचा चौथा दिवस

उद्या कौल.

म्हणजे सकाळी मी पिंजरा उघडणार, पिठाचा गोळा टाकणार. कोंबड्यांनी खाल्ला की देव राजी, जहाजं सुटली. नाही खाल्ला तर देव नाराज, कुणी जागचं हलायचं नाही. मागच्या युद्धात एका शहाण्याने, कोंबड्या खात नाहीत म्हणून चिडून, पिंजराच समुद्रात टाकला होता. इथून जवळच, पलीकडच्या खाडीत. सगळी लढाई हरला. तेव्हापासून कितीही मोठा सेनापती असो, माझ्या पिंजऱ्यापुढे मान खाली घालतो.

आता खरं सांगायचं तर कोंबड्या नेहमीच खातात. कारण मी त्यांना आदल्या दिवशी उपाशी ठेवतो. हे मला ठाऊक, साहेबांना ठाऊक, बहुतेक देवांनाही ठाऊक. बोलत कुणी नाही.

पण या कामात मी आजवर खोटं बोललेलो नाही. खात असतील तर खातात, नसतील तर नाही. कौल खोटा सांगणाऱ्याला लढाईत सगळ्यांच्या पुढे उभा करतात, आणि पहिला भाला त्याला. तशी रीतच आहे.

दिवेलागणीला पिंजऱ्यापाशी गेलो. ओंजळभर जव टाकले. मग आणखी एक ओंजळ. आत्या तर माझ्याकडे बघतच राहिली, म्हाताऱ्याला वेड लागलं की काय! मग तुटून पडली. त्यांची पोटं टम्म होईपर्यंत तिथेच बसलो.

हे लिहिलेली मेणपाटी उद्या पुसून टाकायला हवी.

नोव्हेंबर, नोने

साहेब तंबूपुढे बसले, डोक्यावरून वस्त्र घेऊन. सगळीकडे चिडीचूप. मी पिंजरा उघडला, गोळा टाकला. आत्या आली, वास घेतला, त्याच्यावर पाय देऊन पुढे गेली.

"सांग, खातात का?"

"खात नाहीत, साहेब."

बोललो ते खरंच होतं!

साहेबांनी मांडीवर हात आपटला. "अरेरे! देवाच्या मनात नाही तर काय करणार!" फुफियसचं तोंड उतरलं. सैन्यात हळहळ. कैसो तर सगळ्यांच्या वर आवाज काढून, "नशीबच खोटं!" मी मान खाली घालून पिंजरा उचलला. आतून नाचत होतो.

नोव्हेंबर, इदेसच्या आसपास

देवांनी तरी साथ द्यावी की नाही? वादळ सोडाच, साधी झुळूक नाही! समुद्र तेलासारखा पसरलाय. एवढी स्वच्छ हवा की वाटतं हात लांबवला तर आफ्रिका लागेल. फुफियस येता-जाता टोमणे मारतो, "काय रे कोंबडीवाल्या, देव कशावर नाराज आहेत? ऊन जास्त आहे म्हणून?"

थेरॉनला विचारलं तर बडीशेप चघळत म्हणाला, "असं दिसतं ते वरवर. या महिन्यातला समुद्र म्हणजे सासूबाईचं हसू." तो काही म्हणो, लोक कुजबुजतात. परवा पुन्हा कौल.

इदेस उलटून

घात झाला. फुफियसने पिंजराच उचलून नेला. साहेबांच्या तंबूच्या मागे ठेवलाय. कोंबड्यांना दाणा बंद, आणि राखणीला रुस्टियस. वर फुफियस मला सांगतो कसा, "कौल घ्यायला सकाळी ये. तोवर फिरकायचं नाही. तुझ्या कोंबड्या माजल्यात."

संशय आलाय त्याला.

कैसोला गाठलं. म्हटलं, "पोटात दुखतंय म्हण. ताप आलाय म्हण. मी वैद्याशी बोलतो." एवढा चिडला! "बाबा, मला चार माणसांत तोंड दाखवायला जागा ठेवा! सगळे निघालेत, आणि मी कण्हत पडू? हॅनिबल मेलाय हो! आता काय आहे तिकडे? जत्रा आहे!"

"तुझे काकाही जत्रेलाच गेले होते," म्हटलं. पाठ फिरवून निघून गेला. त्याच्या आईचा उंबरा सारखा डोळ्यांपुढे येतोय.

कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही. उद्या उजाडणारच.

दुसऱ्या दिवशी

खाल्लं नाही!!

मी काही केलं नाही. शपथेवर सांगतो, काही केलं नाही. पिंजऱ्याच्या जवळपासही गेलो नव्हतो. रुस्टियसला सगळ्यांसमोर विचारलं, कुणी आलं होतं का? "चिटपाखरूही नाही, देवाशपथ!" आख्ख्या दिवस-रात्रीच्या उपाशी कोंबड्या. गोळा चोचीपाशी ठेवला. आत्याने मान फिरवली आणि डोळे मिटून घेतले.

"सांग, खातात का?"

साहेबांना दोनदा विचारावं लागलं.

"खात... खात नाहीत, साहेब."

फुफियस पांढराफटक. तो गुडघ्यांवर बसला, मग आम्ही सगळेच बसलो. साहेब आभाळाकडे बघून म्हणाले, "देवापुढे कुणाचं चाललंय?" आणि खिन्नपणे आत गेले. नंतर स्वयंपाक्याकडून कळलं, खिन्नपणातच दोन ताटं कालवं संपवली.

आणि मी? अर्धं आयुष्य या कोंबड्यांची विष्ठा काढली, त्यांना उपाशी ठेवून देवाला वाकवलं, वर स्वतःला हुशार समजलो. देव तिथे होताच की! पिंजऱ्यातच होता!

संध्याकाळी वेदीपाशी गेलो. मागायला नाही, नुसता डोकं टेकवून आलो. किती दिवसांनी शांत झोप लागेल.

डिसेंबर, कलेंड

तिसऱ्यांदाही खाल्लं नाही.

डिसेंबर, नोने

चौथ्यांदाही नाही! फुफियसने राखणदार बदलला होता. दाणा बंदच. तरी नाही.

आणि ऐका... कुणाला म्हणतोय मी ऐका? असो. कोंबड्या वाळायला हव्यात की नाही? उलट अंगाने भरल्यात! पिंजरा उचलताना कमरेत उसण भरली. उपाशी राहून बाळसं! देवाची करणी, दुसरं काय. लोक येतात, पिंजऱ्याला हात लावतात, तोच हात कपाळाला लावतात. थेरॉनसुद्धा येतो. हाच मला म्हणायचा, "तुम्ही रोमन लोक मुतायलाही कोंबडीला विचारून जाता." आता पिंजऱ्यापुढे उकिडवा बसून राहतो. म्हटलं, "काय रे, भक्त झालास?" म्हणाला, "माझा आपला नमस्कार. देव कुणाचा का असेना."

कैसो मात्र मला टाळतो. अजून रागात असेल. असू दे. रागात असला तरी जमिनीवर आहे.

डिसेंबर, इदेसच्या आदल्या दिवशी

उद्या शेवटचा कौल. रोमहून निरोप आला, एक काय ते ठरवा. फुफियसने जाहीर करून टाकलंय: उद्या खाल्लं की तडक निघायचं, नाही खाल्लं तर जहाजं काठावर ओढायची, वसंतापर्यंत विषय बंद.

मला भीती नाही. म्हणजे, आहे. पण आता ज्याचा कौल त्याच्यावर सोडलंय. जव टाकायला गेलो नाही. हात शिवशिवला, तरी गेलो नाही.

डिसेंबर, इदेस

नाही खाल्लं! नाही, नाही, नाही!

आणि हे तर काहीच नाही. दुपारी एक छोटं जहाज आलं. शिडावर काही नाही, डोलकाठीला ऑलिव्हची फांदी बांधलेली. कार्थेजचे वकील! तीन म्हातारे, समुद्र लागून हिरवेगार झालेले. म्हणाले, स्पेनमधली फौज मागे घेतो, भांडण मिटवा. साहेबांनी विचारलं, "एवढ्यात का?" त्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "ज्याला लढायचं होतं तो नदीत गेला. आम्हाला आमची पोरं घरी हवीत."

आमची पोरं घरी हवीत! म्हणजे तिकडेही कैसो आहेत. आणि त्यांच्या आयाही असतील, उंबऱ्यात उभ्या.

बंदरभर नुसता दंगा. शूर शूर म्हणवणारे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. रुस्टियसने सबंध अंजिरांची माळ माझ्या गळ्यात घातली. कैसो गर्दीतून धावत आला, लहानपणी यायचा तसा, आणि मला उचललंच. "बाबा, घरी जायचं! आईच्या हातचं खायचं!" मी त्याला म्हटलं, "उतरव मेल्या, कंबर जाईल." उतरवू नये असं वाटत होतं.

किती हलकं वाटतंय. देवा, तुझे उपकार. पेट्रोनियाआत्या, तुझेही.

इदेसच्या दुसऱ्या दिवशी

आत्या गेली. सकाळी पिंजऱ्यात आडवी होती, पोट नगाऱ्यासारखं.

पवित्र पक्षी मेला की चिरून कारण बघावं लागतं. एकट्याने चिरली. गळ्याची पिशवी फुटायला आली होती. अंजिराच्या बिया. बडीशेप. फुटाणे, चांगले मूठभर. आणि सगळ्यांच्या खाली पांढऱ्या पावाचे तुकडे, खसखस लावलेले.

फुफियसचं तेवढं काही नव्हतं. बिचारा खरोखरच शूर निघाला.

किती वेळ तिथेच बसून होतो, हसत की रडत, मलाही कळलं नाही. साहेब तंबूतून बाहेर आले. माझ्या हाताकडे पाहिलं, मग दुसरीकडे बघत विचारलं, "कशानं गेली रे?"

"म्हातारपणानं, साहेब."

कोंबड्यांच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोललो.